तांबं आणि मॅग्नेशियम : डोंग्याच्या इंजिनाला कोणता धातू कुठे चालतो?



१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद. जाळी विणायची, डोंग्याला डांबर लावायचं, इंजिन खोलून पाहायचं, हे सगळं याच दोन महिन्यांत उरकतं. म्हणून यंदा एक धडा धातूंवर. विषय कोरडा वाटेल, पण ज्यांच्या इंजिनाचा खालचा गिअर एकदा खाल्ला गेलाय त्यांना वाटणार नाही.

आधी घडलेली गोष्ट सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकानं कोकणच्या बाजूनं एक जुनं आउटबोर्ड इंजिन आणलं. दिसायला झकास, नुकताच रंग दिलेला. दोन हंगाम धरणावर चाललं. तिसऱ्या बंदीत गिअरचं तेल काढलं तर ते दुधासारखं पांढरं. म्हणजे आत पाणी शिरलेलं. खालचा ॲल्युमिनियमचा पाय पुसून पाहिला तर रंगाखाली फोड, फोडाखाली पांढरी भुकटी, आणि भुकटी खरवडली की बोटाचं टोक जाईल असे खड्डे. गिअर बाद, आणि पायाचं पूर्ण ओतीव नवं घ्यावं लागलं. गंमत अशी की त्या पायाला संरक्षणासाठी लावलेली जस्ताची वडी मात्र जशीच्या तशी होती. तिला सुरी लागली नव्हती, की झीज झाली नव्हती. मालक म्हणाला, "बघा, वडी चांगली आहे, तरी इंजिन खराब निघालं."

खरं उलटं होतं. वडी चांगली राहिली म्हणूनच इंजिन खराब झालं. हे नीट समजायचं तर तांबं आणि मॅग्नेशियम हे दोन धातू शेजारी ठेवून पाहावे लागतात, कारण धातूंच्या रांगेत एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला बसतो. बाकीचे सगळे मधे.

तांब्यापासून सुरू करू, कारण ते आपल्या घरचं आहे. बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची खाण आहे. १९८२ साली ती देशाला अर्पण झाली आणि देशातल्या तांब्याच्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी ती एक आहे. तिथल्या शंभर किलो दगडात तांबं जेमतेम एक-सव्वा किलो. इतकं खोदायचं, दळायचं, तेव्हा कुठे धातू मिळतो. म्हणून तांब्याची तार चोराला आवडते.

पण मलाजखंडच्याही कितीतरी आधीची गोष्ट या जिल्ह्यात आहे. १८७० साली गुंगेरिया गावाजवळ गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीत धातूचा साठा सापडला. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि लांब पट्ट्यासारखी हत्यारं मिळून ४२४ नग, आणि चांदीचे पातळ पत्रे १०२. नुसत्या तांब्याचं वजन पावणेचारशे किलोच्या आसपास. त्यातले काही नग नागपूरच्या अजब बंगल्यात आहेत, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियमात गेले. जाणकार ती हत्यारं तीन हजार वर्षांपेक्षा जुनी मानतात. इतके पावसाळे अंगावर घेऊन तांबं टिकलं, वर फक्त हिरवट थर आला. लोखंड असतं तर केव्हाच माती झालं असतं. मॅग्नेशियम असतं तर पोरांना तिथे फक्त पांढरी माती दिसली असती, आणि तीही कुणी उचलली नसती.

मॅग्नेशियम हा तसा नवा पाहुणा. १८०८ साली हम्फ्री डेव्ही नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं विजेच्या मदतीनं तो वेगळा केला. या माणसाचं नाव लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

इथे एक घोटाळा आधीच मिटवतो, कारण बालाघाटात तो हमखास होतो. आपल्या भरवेलीच्या, उकव्याच्या, तिरोडीच्या खाणीतून निघतं ते मँगनीज. मॅग्नेशियम वेगळं. दोन्ही नावं ग्रीस देशातल्या मॅग्नेशिया या एकाच मुलुखावरून पडली म्हणून कानाला सारखी लागतात. मँगनीज जड, कडक, पोलादात मिसळायचा धातू. मॅग्नेशियम हलका, मऊ, पेट घेणारा. दुकानात "मॅग्नेशियमची वडी द्या" म्हटल्यावर समोरचा "मँगनीज तर भरवेलीला मिळेल भाऊ" म्हणाला, असं माझ्या डोळ्यांदेखत झालंय. आणखी गोंधळ म्हणजे बोटीचे पंखे ज्या धातूचे ओततात त्याला बाजारात मँगनीज ब्राँझ म्हणतात. त्यात तांबं साधारण ५८ टक्के, जस्त ३९ टक्के, आणि उरलेल्यात लोखंड, ॲल्युमिनियम आणि मँगनीज. मँगनीज जास्तीत जास्त दीड टक्का. म्हणजे नाव ब्राँझ, पण जात पितळेची. खरं कांसं म्हणजे तांबं आणि कथील. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ही एक गोष्ट पक्की केली की बाजारात निम्मी फसवणूक टळते.

आता वजन. एक लिटरच्या भांड्यात मावेल एवढं तांबं घेतलं तर ते जवळजवळ ९ किलो भरेल. पितळ साडेआठ. लोखंड पावणेआठ-आठ. ॲल्युमिनियम २.७ किलो. आणि मॅग्नेशियम फक्त पावणेदोन किलो. म्हणजे तांब्याच्या पाचपट हलकं. पहिल्यांदा हातात घेतलं की माणूस दचकतो, वाटतं आतून पोकळ आहे.

मग ताकदीचं काय? नुसत्या आकड्यात तांब्याच्या मिश्रधातूंची बाजू वर. मँगनीज ब्राँझचा ओतीव तुकडा ताणून तोडायला चौरस मिलिमीटरला सुमारे ४५ किलो जोर लागतो. तांबं, ॲल्युमिनियम आणि निकेल यांचं जे ब्राँझ मोठ्या जहाजांच्या पंख्याला वापरतात, त्याला ६० किलोच्या वर. मॅग्नेशियमच्या सर्वांत जास्त चालणाऱ्या ओतीव मिश्रधातूला, ज्यात ९ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का जस्त असतं, साधारण २३ किलो. म्हणजे निम्माच. पण वजनाच्या हिशेबानं भागून पाहा. किलोमागे ताकद मोजली तर मॅग्नेशियम मँगनीज ब्राँझच्या दुप्पट निघतं. म्हणून विमानाचे भाग, गाड्यांच्या स्टेअरिंगची चौकट, लॅपटॉपची पाठ, लाकूड कापायच्या चेनसॉचं धड अशा ठिकाणी ते वापरतात. जिथे माणसानं दिवसभर हातात उचलून धरायचं, तिथे पाव किलोचा फरकही खांद्याला कळतो.

वाकण्याच्या बाबतीत मात्र मॅग्नेशियम कमी ताठ. तांब्याच्या तुलनेत एक-तृतीयांशच्या जरा वर. आणि तापलं की आणखी ढिलं पडतं. सव्वाशे अंशांच्या पुढे त्याचे साधे मिश्रधातू हळूहळू ताणले जातात, बोल्ट सैल होतात. तांबं १०८५ अंशांला वितळतं, मॅग्नेशियम ६५०ला. मिश्रण केल्यावर तर सहाशेच्या आतच.

वीज वाहण्यात तांब्याला तोड नाही. तांबं १०० धरलं तर शुद्ध मॅग्नेशियम ३८-३९, आणि तो ९ टक्के ॲल्युमिनियमवाला मिश्रधातू १२-१३ एवढाच. म्हणून बॅटरीपासून इंजिनापर्यंतची तार तांब्याचीच घ्या, स्वस्त मिळते म्हणून ॲल्युमिनियमची घेऊ नका. जमलं तर कल्हई केलेली तार घ्या. म्हणजे प्रत्येक बारीक धाग्यावर कथलाचा थर असतो. साधी तार ओलाव्यात काळी पडते आणि सकाळी स्टार्टर फिरत नाही. उष्णता वाहण्यातही तांबंच पुढे. आपली पातेली तांब्याची का होती ते आजीला विचारा.

आजीकडे गेलोच आहोत तर कल्हईचीही आठवण काढू. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. हिरवट होतं, तोंडाला पाणी सुटतं, आणि कुणी ते पीत नाही. म्हणजे तांबं पाण्यात टिकतं असं आपण म्हणतो, पण आंबट लागलं की ते थोडं थोडं विरघळतं. हे विरघळणं माशांच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे, त्यावर खाली येतोच.

आता मुख्य मुद्दा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले आणि दोन्ही पाण्यात बुडाले की तिथे बॅटरी तयार होते. दोघांतला एक झिजतो आणि दुसरा वाचतो. कोण झिजणार हे ठरलेलं आहे. समुद्राच्या पाण्यात मोजलं तर मॅग्नेशियम उणे १.६ व्होल्टवर बसतं, जस्त उणे १च्या आसपास, ॲल्युमिनियम त्याच्या थोडं वर पाऊण व्होल्टच्या आसपास, लोखंड उणे ०.६, पितळ-कांसं उणे ०.३ किंवा जरा इकडेतिकडे, आणि चांगलं स्टेनलेस स्टील त्याच्याही वर. रांगेत खाली बसलेला धातू वरच्यासाठी मरतो. दोघांत अंतर जितकं जास्त तितकं मरण लवकर.

हे माणसाला फार महागात शिकावं लागलं. १७६१ साली इंग्रज आरमारानं अलार्म नावाच्या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. किडा लाकूड खाऊ नये आणि शेवाळ, कालवं चिकटू नयेत म्हणून. उपाय उत्तम ठरला, तळ स्वच्छ राहिला. पण दोनेक वर्षांनी पाहिलं तर पत्रे ठोकलेले लोखंडी खिळे खाऊन गेलेले, काही ठिकाणी पत्राच सुटलेला. फक्त काही खिळे शाबूत होते. ते का? तर तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्या कागदाचा तुकडा त्या खिळ्यांखाली चुकून राहिला होता. कागदामुळे तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकलं नाही. आजही पितळी नळ ॲल्युमिनियमच्या बोटीवर बसवायचा असेल तर मधे रबर किंवा नायलॉनची चकती घाला आणि बोल्टला प्लास्टिकची बाही चढवा, असं सांगतो ते याच कागदाच्या तुकड्यावरून. ही चकती दोन-पाच रुपयांची असते आणि आपले मिस्त्री नेमकी तीच टाकायची विसरतात.

पुढे तेच आरमार डेव्हीकडे गेलं, हाच तो मॅग्नेशियमवाला. तळाचं तांबंसुद्धा समुद्रात हळूहळू झिजत होतं, ते वाचवायचं होतं. १८२४ साली त्यानं सुचवलं की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडा, तो तुकडा झिजेल आणि तांबं वाचेल. सामारांग नावाच्या जहाजावर करून पाहिलं. तांबं खरंच वाचलं. पण तळावर शेवाळ आणि कालवं इतकी वाढली की जहाज चालेना. का, तर तांबं विरघळत होतं तोवर त्याच्या विषानं काही चिकटत नव्हतं. विरघळणं थांबलं, विष थांबलं, आणि पाहुणे येऊन बसले. शेवटी आरमारानं ते तुकडे काढून टाकले. डेव्हीची बरीच थट्टा झाली. पण त्याची युक्ती चुकीची नव्हती, जागा चुकीची होती. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक लोखंडी जहाजाला, पाइपलाइनला आणि आपल्या आउटबोर्ड इंजिनाला जी वडी लागते ती डेव्हीचीच.

ही वडी म्हणजे बळीचा बकरा. इंजिनाच्या पायाचं ॲल्युमिनियम, पंख्याचा स्टेनलेस दांडा, पाण्याच्या पंपातलं पितळ हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. यात सर्वांत खाली ॲल्युमिनियम, म्हणून तेच खाल्लं जातं. त्याच्याही खालचा एखादा धातू लावून ठेवला की तो आधी मरतो.

समुद्रात यासाठी जस्त पुरतं. खारं पाणी वीज चांगली वाहतं, त्यामुळे जस्त आणि ॲल्युमिनियममधलं थोडंसं अंतरही काम करून जातं. आपलं पाणी मात्र गोडं. वैनगंगा असो, बावनथडीचं राजीव सागर असो की गावचं तळं, यात मीठ नसल्यासारखंच. असं पाणी वीज नीट वाहत नाही. पाव व्होल्टचा जोर त्यातून पुढे सरकतच नाही. वर जस्तावर गोड्या पाण्यात एक घट्ट पांढरा थर धरतो आणि वडी झोपी जाते. आमच्या त्या इंजिनाचं हेच झालं होतं. कोकणात त्या जस्ताच्या वडीनं इमानानं काम केलं असणार. इथे ती नुसती बसून राहिली आणि तिच्या वाटचं मरण ॲल्युमिनियमनं घेतलं. भरीला विकणाऱ्यानं इंजिन चकचकीत दिसावं म्हणून वडीवरही रंग मारला होता.

गोड्या पाण्यात लागतं मॅग्नेशियम. ते रांगेत इतकं खाली आहे की ॲल्युमिनियमपासून त्याचं अंतर पाऊण-एक व्होल्टचं पडतं. तेवढा जोर गोड्या पाण्यालाही ढकलतो. म्हणजे जो धातू पाण्यात टिकत नाही म्हणून त्याचा पंखा कुणी करत नाही, तोच धातू टिकत नाही म्हणून वडीला सर्वांत चांगला.

हाच उपाय तुमच्या घरातही आहे. गीझर असेल तर त्याच्या टाकीत बहुतेक वेळा मॅग्नेशियमची एक लांब कांडी असते. टाकी गंजू नये म्हणून ती झिजत राहते. तीन-चार वर्षांत कुणी ती बदलत नाही, मग टाकी गळते आणि आपण कंपनीला शिव्या देतो.

पण मॅग्नेशियमची वडी घेऊन समुद्रात जाऊ नका. आपल्यातले काही जण हंगाम नसताना नातेवाइकांकडे किनाऱ्यावर कामाला जातात, इंजिनही सोबत नेतात, म्हणून मुद्दाम सांगतो. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम झपाट्यानं संपतं, आणि संपण्याआधी इतका जोर लावतं की आसपासचा रंग फोडून काढतं. लाकडी बोटीला तर ते लावूच नये. जोर जास्त झाला की बोल्टभोवती खारासारखं पाणी तयार होतं आणि लाकूड भुसभुशीत होतं. किनाऱ्यावर जस्त, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमची खास वडी, आणि धरण-नदीत मॅग्नेशियम. ज्यांना सारखं इकडेतिकडे जायचंय त्यांनी ॲल्युमिनियमची खास वडी लावावी, ती दोन्हीकडे बऱ्यापैकी चालते. एकाच इंजिनावर दोन जातींच्या वड्या लावू नका, मॅग्नेशियम बिचारं जस्तालाही वाचवत बसेल आणि लवकर संपेल.

लावतानाही पाहा. वडी जिथे बसते तिथला रंग काचपेपरनं घासून धातू उघडा करा, नाहीतर जोडच लागत नाही. वडीवर रंग, ग्रीस, डांबर काही नको. निम्मी झिजली की बदला. आणि झिजलीच नाही तर खूश होऊ नका, काहीतरी चुकलंय.

तांब्याच्या जातीतही एक आजार आहे, तो ओळखता आला पाहिजे. पितळेत जस्त १५ टक्क्यांच्या वर असलं तर पाण्यात वर्षानुवर्षं राहून त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे स्पंजासारखं पोकळ तांबं उरतं. आकार तोच, मापही तेच, पण ताकद गेलेली. ओळखायची खूण म्हणजे पिवळ्या पितळेवर गुलाबी-लाल डाग. कानस मारून आतही गुलाबी दिसलं तर तो बोल्ट किंवा नळ फेकून द्या. हातोडीनं टिचकी मारली तर खणखणीत न वाजता बद्द वाजतो. पाण्याखालच्या बुशला आणि नळाला गनमेटल मागा. ते तांबं ८८, कथील १०, जस्त २ असं असतं आणि त्याला हा आजार लागत नाही. पितळी स्वस्त पडेल, पण तळाच्या भोकात स्वस्त काय कामाचं.

उलट बाजूनंही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या दोघांचं वैर इतकं की मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत तांब्याचा अंश शिरला तरी तो लवकर सडतो. चांगल्या प्रतीच्या ओतीवात तांबं ०.०३ टक्क्यांच्या वर चालत नाही. म्हणजे दहा किलोत तीन ग्रॅम. म्हणून भंगारातून वितळवलेलं मॅग्नेशियम कुणी वडी म्हणून विकत असेल तर घेऊ नका, त्यात काय काय पडलंय कळणार नाही.

हेच वैर कामालाही लावलंय. पाण्यात पडलं की आपोआप पेटणारा लाइफ जॅकेटचा दिवा पाहिलाय? त्यातल्या अनेकांत आत एका बाजूला मॅग्नेशियम आणि दुसऱ्या बाजूला तांब्याचा क्षार असतो. कोरडा असेतो निपचित. पाणी लागलं की बॅटरी जागी होते. आंतरराष्ट्रीय नियमानं तो निदान ८ तास जळायला हवा. बोटीला खड्डे पाडतो तोच फरक इथे बुडणाऱ्या माणसाचा दिवा पेटवतो. फक्त ते जॅकेट दमट कोपऱ्यात ओल्या जाळ्याखाली टाकू नका, ऐन वेळेला संपलेलं निघेल. शाळेतल्या पोरांना दाखवायचं असेल तर जुन्या गीझरच्या कांडीचा तुकडा आणि तांब्याची तार मिठाच्या पाण्यात उभी करा आणि मीटर लावा. दीड व्होल्टच्या आसपास काटा जातो.

आता आगीचं. हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मॅग्नेशियमचा मोठा तुकडा सहजी पेटत नाही, पण त्याचा कीस, भुसा, ग्राइंडरची धूळ पेटते, आणि पेटली की डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या उजेडानं जळते. त्यावर पाणी टाकलं तर पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि भडका उडतो. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडरही चालत नाही, मॅग्नेशियम त्यातही जळत राहतं. १९५५च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीजची गाडी लोकांत घुसली. तिच्या अंगाला मॅग्नेशियमचा मिश्रधातू होता, आणि विझवणाऱ्यांनी पाणी मारल्यावर आग आणखी चढली. अशा आगीवर पूर्ण कोरडी वाळू लांबून हळूच टाकायची किंवा धातूच्या आगीची खास भुकटी वापरायची. नदीकाठची ओली वाळू चालणार नाही, आणि आपल्याकडे वाळू म्हटलं की ती ओलीच असते, म्हणून एक डबा उन्हात वाळवून झाकण लावून ठेवा.

भंगारातली चेनसॉ, मोटारसायकलचं झाकण, जुनी वडी असं काही ग्राइंडरखाली घेण्याआधी ते ॲल्युमिनियम आहे की मॅग्नेशियम हे पाहा. कानशीनं एक कोपरा उघडा करा आणि त्यावर व्हिनेगरचा किंवा लिंबाचा थेंब टाका. बुडबुडे फसफसून आले तर मॅग्नेशियम. ॲल्युमिनियमवर काही होत नाही. मॅग्नेशियम निघालं तर ग्राइंडर बाजूला ठेवा, हाताच्या करवतीनं कापा आणि कीस लगेच उचला. वेल्डिंग गावात करू नका. पितळी पंख्याचं पातं खडकाला लागून वाकलं तर आपला लोहार तापवून ठोकून देतो, तडा गेला तर पितळ भरून देतो. मॅग्नेशियमला ही सोय नाही.

आणि शेवटी माशांचं. तांबं बोटीला चांगलं म्हणून तळ्याला चांगलं असं नाही. शेवाळ मारायला काही जण तळ्यात मोरचूद टाकतात. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. जहाजाच्या तळावरची कालवं ज्यानं मरत होती तेच हे विष. मासा कल्ल्यातून ते घेतो, आणि झिंगे, शिंपले, गोगलगायी तर माशाच्याही आधी मरतात. किती चालेल हे पाण्याच्या अल्कलीपणावर ठरतं. रूढ हिशेब असा की पाण्याची एकूण अल्कलिनिटी लिटरला जितके मिलिग्रॅम असेल त्याला १००नं भागायचं, तितके मिलिग्रॅम मोरचूद लिटरला. म्हणजे अल्कलिनिटी १०० असेल तर १ मिलिग्रॅम. ५०च्या खाली असेल तर टाकूच नये. पावसाचं ताजं पाणी भरलेल्या तळ्यात अल्कलिनिटी कमी असते, आणि लोक नेमके तेव्हाच मूठमूठ फेकतात. शिवाय शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. त्याला लोक रोग समजतात. पाण्याची तपासणी मत्स्य विभागाकडून करून घ्या, मग हात लावा. मॅग्नेशियमचं उलट आहे. आपल्या विहिरीच्या, नदीच्या पाण्यात ते मुळातच असतं, झिजलेल्या वडीनं माशाला काही होत नाही.

बऱ्याच जणांनी विचारलं की आपल्या वल्ह्याच्या डोंग्याला यातलं काय लागू. खिळ्यांपुरतं लागू. तांब्याचे खिळे मारलेत तर सगळे तांब्याचेच मारा, मधेच दोन लोखंडी ठोकू नका. अलार्म जहाजाचं झालं तेच होईल, फक्त गोड्या पाण्यात जरा सावकाश.

येत्या रविवारी सकाळी संस्थेच्या कार्यालयात कानस, व्हिनेगर आणि मीटर घेऊन आम्ही दोघंतिघं बसणार आहोत. ज्यांच्याकडे आउटबोर्ड आहे त्यांनी वडी काढून आणावी, नाहीतर निदान पायाचा जवळून काढलेला फोटो आणावा. जुने पितळी बोल्ट, पंपाचे भाग, ओळख न पटणारं भंगार, काहीही चालेल. गिअरचं थोडं तेल बाटलीत आणलंत तर तेही पाहू. दुधासारखं दिसलं तर बंदी उठायला अजून वेळ आहे.